दादा, दवाखाना आणि डीजे

माणसानं जन्मावं एका देशात, पासपोर्ट काढावा दुसऱ्या देशाचा, पगार घ्यावा तिसऱ्या देशात आणि नावं मात्र तिन्ही देशांना ठेवावीत, ही सोय परमेश्वरानं सगळ्यांना दिलेली नाही. आमच्या मेहुण्यांना दिली आहे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. हा मजकूर ते वाचतील अशी भीती नाही, पण आमची ही वाचेल अशी खात्री आहे. ही त्यांना 'दादा' म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. ते मला 'जावईबापू' म्हणतात. वयानं ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. बाकीच्या बाबतींत किती मोठे ते त्या दिवशीच्या डॉलरच्या भावावर अवलंबून असतं.

दादा मूळचे अकोल्याचे. गोरक्षण रोडवर वाढले, अमरावतीला इंजिनिअर झाले आणि 1998 साली इंग्लंडला गेले. पंधरा वर्षं तिथला पाऊस अंगावर घेऊन रीतसर ब्रिटिश झाले. मग कंपनीनं उचलून न्यू जर्सीला टाकलं. त्यामुळे आज ते अमेरिकेत राहणारे इंग्रज आहेत आणि त्यांच्याजवळ दोन ठाम मतं आहेत. एक, अमेरिकेतला दवाखाना म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. दोन, अमेरिकेतलं गाणं म्हणजे कानावर बलात्कार नसला तरी अतिक्रमण. ही मतं ते न्यू जर्सीत कुणाला ऐकवत असतील असं वाटत नाही. त्यासाठी दर दोन वर्षांनी ते अकोल्याला येतात.

गेल्या खेपेला मात्र ते मतं ऐकवायला आले नव्हते. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन आला तेव्हा मी अमरावतीला आमच्या शाखेत सोनेतारणाच्या टेबलावर बसलो होतो. (हे टेबल पुढे लागणार आहे, वाचकांनी लक्षात ठेवावं.) तसाच उठलो आणि बडनेऱ्याहून मिळाली ती गाडी पकडून अकोल्याला गेलो. सासूबाईंना शेजाऱ्यांनी एका खाजगी दवाखान्यात नेलं होतं. तिथं गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती काउंटर. आमच्या बँकेत असतो तसाच. तीच काच, काचेला तेच अर्धगोल भोक, आत तोच वर न बघणारा माणूस. क्षणभर मला भरून आलं.

"आधी 60,000 डिपॉझिट भरा," तो वर न बघता म्हणाला.

मी बी.कॉम. झालेला माणूस. वीस वर्षं 'डिपॉझिट' या शब्दावर पोट भरलेलं. पण आमच्याकडे डिपॉझिटवर व्याज मिळतं, आणि मुदत संपल्यावर रक्कम परतही मिळते. मी माझी मुदत ठेव मोडली. मुदतीपूर्वी मोडली म्हणून व्याजातून एक टक्का कापला गेला. म्हणजे ज्या नियमाबद्दल मी वीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तो अखेर माझ्यावरच चालला. नियम चांगला आहे असं माझं मत होतं. ते आता राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दादा पोचले. आईच्या उशाशी दोन तास बसले, हात हातात धरून बसले, डोळेही पुसले. मग बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी बिलाचा कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जावईबापू, हे तर काहीच नाही! अमेरिकेत असतं ना..."

मी खुर्ची ओढून घेतली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

अमेरिकेतली विद्या अशी आहे. विमा असतो, पण तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमा गेला, आणि आजारी पडलं की नोकरी जायची भीती. हे असं का? तर दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, सरकारनं पगारवाढ गोठवली. पगार वाढवता येईना म्हणून माणसं टिकवायला कंपन्यांनी आजाराचा विमा देऊ केला. युद्ध संपलं, विमा राहिला. शिवाय विमा असला तरी वर्षातला ठरावीक खर्च आधी आपण करायचा, त्याला डिडक्टिबल म्हणतात. मग कंपनी देऊ लागली तरी दर वेळी थोडा आपला वाटा, तो को-पे. डॉक्टर कंपनीच्या यादीतला नसला तर बहुतेक सगळंच आपलं. सर्जन यादीतला आणि भूल देणारा यादीबाहेरचा, असंही व्हायचं. बेशुद्ध माणसानं यादी कशी बघायची हा विचार करायला त्यांना 2022 साल उजाडलं. त्या साली कायदा लागू झाला, पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्यातून सुटलीच. म्हणून तिथं माणूस चक्कर येऊन पडला तर शुद्धीवर येताच पहिलं वाक्य म्हणतो, "अँब्युलन्स बोलावू नका."

"आणि इंग्लंडात?" मी विचारलं. न विचारता ते थांबले नसतेच.

इंग्लंडात म्हणे दवाखान्याला काउंटरच नसतो. म्हणजे असतो, पण तिथं नाव विचारतात, पैसे नाही. 5 जुलै 1948 रोजी ही व्यवस्था सुरू झाली. ती आणणारा मंत्री अन्युरिन बेव्हन हा वेल्समधल्या खाणकामगाराचा पोरगा, स्वतःही कोवळ्या वयात खाणीत उतरलेला. त्याच्या ट्रेडेगर गावात कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून डॉक्टर ठेवत. तेच त्यानं अख्ख्या देशाला लावलं. पुढं 1951 साली त्याच्याच पक्षाच्या सरकारनं कवळीला आणि चष्म्याला पैसे घ्यायचं ठरवलं, तर पठ्ठ्यानं मंत्रिपद सोडलं.

"कवळीसाठी?" मी म्हटलं. आपल्याकडे मंत्रिपद सोडण्याची कारणं मी मनातल्या मनात मोजून पाहिली. त्यात दात कुठेच नव्हते.

इतक्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "यांना विचारा, लेस्टरच्या काकांनी खुब्यासाठी किती दिवस वाट पाहिली." दादा चहा फुंकू लागले. इंग्लंडातली ही प्रतीक्षायादी 2023 साली 77 लाखांच्या घरात गेली होती, हे मला माहीत होतं. पण मेहुण्याच्या चहात खडा टाकू नये.

आणि मुख्य म्हणजे त्याच वेळी बाहेरून डीजे आला.

दवाखान्याच्या भिंतीवर 'शांतता क्षेत्र' अशी पाटी होती. सन 2000 च्या नियमांप्रमाणे दवाखान्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता असते. वरात बरोबर पाटीखाली थांबली, कारण नवरदेवाच्या मित्रांना नाचायला तिथंच रस्ता रुंद मिळाला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सलाइनच्या बाटल्या ताल धरू लागल्या. शेजारच्या खोलीतल्या आजोबांच्या छातीला लावलेलं यंत्र टी टी करू लागलं. ते आजोबांमुळे की डीजेमुळे हे ठरवायला नर्स धावली.

"हे!" दादा ओरडले. ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. "हे सगळं अमेरिकेनं बिघडवलं! गाणं इंग्लंडनं केलं, जावईबापू! बीटल्स 1964 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत उतरले, तेव्हा कुठं त्या लोकांना गाणं म्हणजे काय ते कळलं!"

आता दवाखान्याच्या बाबतीत मी गप्प बसलो होतो, कारण तिथं दादा खरं बोलत होते. पण इथं माझ्यातला वऱ्हाडी जागा झाला. मेहुणा असो, पाहुणा असो, पाउंडात कमावलेला असो, खोटा हिशेब मी पास करत नाही.

बीटल्सनं अमेरिकेला गाणं शिकवलं म्हणणं म्हणजे मँचेस्टरनं वऱ्हाडला कापूस शिकवला म्हणण्यासारखं आहे. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी चालली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमचं वऱ्हाड दिसलं. खामगावपासून अमरावतीपर्यंत कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस बोटीनं जायचा आणि तिकडून धोतर होऊन यायचा. माल आमचा, घडी त्यांची, नफा कुणाचा ते सांगायला नको. गाण्याचंही तेच झालं. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या माणसांनी जे गाणं काढलं, तेच लिव्हरपूल-लंडनच्या पोरांनी तबकड्यांवरून उचललं, इस्त्री केली आणि अमेरिकेला परत विकलं. रोलिंग स्टोन्स या इंग्रज मंडळींचं नावसुद्धा मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलेलं, आणि मडी वॉटर्स स्वतः कापसाच्या मळ्यावर वाढलेला माणूस. कापूस वेचणाऱ्याला भाव मिळत नाही, हे अकोल्याच्या माणसाला कुणी सांगायला पाहिजे काय?

हे सगळं मी ओरडूनच सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि गाणं घेऊन परदेशी जायचंच म्हणाल, तर आमचे तुकडोजी महाराज 1955 साली खंजिरी घेऊन जपानला जाऊन आले. तुमच्या बीटल्सच्या नऊ वर्षं आधी!"

आतून सासूबाईंचा आवाज आला. डीजेच्या वर आला, यावरून त्यांची तब्येत सुधारते आहे हे आम्हाला कळलं. "काय बाप्पा, तुमचं चालूच हाय का? मले इकडं कळ लागून राह्यली, अन् तुम्ही दोघं विलायतेतच!"

आम्ही विलायतेतून परत आलो.

पण रात्री व्हरांड्यातल्या बाकावर पडल्या पडल्या मला दुसराच विचार छळू लागला. दादांचं मी गाण्यात हरवलं. दवाखान्यात मात्र त्यांनी मला हरवलं होतं आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. अमेरिकेच्या बिलाला आपण हसतो. कुणाचा मुलगा तिकडं दाढेसाठी कसा लुटला गेला हे आपण चवीनं सांगतो. पण मी ज्या काचेच्या भोकातून 60,000 सरकवले, ते भोक काही न्यू जर्सीत नव्हतं.

मी स्वतःही तेवढ्यापुरता अमेरिकनच आहे. बँकवाल्यांना 2015 पासून सामुदायिक विमा आहे, नोकरीला बांधलेला. नोकरी आहे तोवर माझं अपेंडिक्स बँकेचं. ज्या दिवशी निरोपाचा नारळ आणि शाल मिळेल त्या दिवशी अपेंडिक्स माझं मला परत, हप्त्यासकट. आमच्या शाखेतले निवृत्त लोक पेन्शन घ्यायला येतात तेव्हा त्या हप्त्याची पावती दाखवतात, आणि मी 'हो ना, फार झालं' म्हणतो. दुसरं काय म्हणणार? पेन पुढे करतो.

"मग सरकारी दवाखान्यात का नाही नेलं?" असं कुणी विचारील. विचारावंच. अमरावतीला इर्विन आहे, डफरीन आहे. अकोल्याला लेडी हार्डिंग आहे. बघा गंमत, पाट्या कितीही बदला, लोकांच्या तोंडी दवाखान्यांना अजून व्हाइसरॉयांची आणि त्यांच्या बायकांची नावं. साहेब गेला, नाव राहिलं. त्याच्या मागे त्याच्या देशात जे झालं ते मात्र इकडं आलं नाही. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर काही कमी शिकलेले नसतात. पण आपण मध्यमवर्गीय तिथं जात नाही. तिथं गर्दी असते, जिन्याला वास असतो, आणि ओळखीचं कुणी भेटलं तर 'इथं कसे?' असं विचारतं. आपण जात नाही म्हणून तो सुधारत नाही, आणि तो सुधारत नाही म्हणून आपण जात नाही. बँकेतला माझा अनुभव सांगतो. बाहेरच्या पंख्याखाली ग्राहक बसायचे तेव्हा तो पंखा तीन उन्हाळे बंद होता. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब पासबुक भरायला येऊन तिथं बसले. दुसऱ्या दिवशी नवा पंखा आला. साहेबाला आणि शिपायाला एकाच रांगेत बसवा, बाकीचं पंखे आपोआप बघून घेतात. बेव्हननं यापेक्षा वेगळं काय केलं?

पैसा नाही, असं आपल्याला सांगतात. मी कॉमर्सचा माणूस, म्हणून ताळेबंद बघतो. 1948 चं इंग्लंड म्हणजे काय श्रीमंत होतं? युद्धानं खंक झालेलं, कर्जात बुडालेलं. पावावरचं रेशनिंग त्याच जुलैत उठलं आणि सगळं रेशनिंग संपायला 1954 साल लागलं. घरात पावाचा तुकडा मोजून मिळत असताना त्यांनी दवाखाना फुकट केला. आधी श्रीमंत होऊ आणि मग बघू, असं ते म्हणत बसले असते तर आज तिकडंही काचेला भोक असतं.

आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! 2012 साली लंडनला ऑलिंपिक झालं, तेव्हा उद्घाटनाला मैदानात दवाखान्याच्या खाटा आणून नर्सा नाचवल्या, पोरं खाटांवर उड्या मारत होती, गाणं चालू होतं. तेव्हा टीव्हीसमोर मला हसू आलं होतं. खाटांवर कसला नाच? योगायोग असा की त्याच जुलै 2012 मध्ये आपल्याकडे जीवनदायी योजना सुरू झाली, आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे आणि मर्यादा 5 लाखांपर्यंत गेली आहे. योजना चांगली आहे. तिच्यामुळे वाचलेली माणसं मी पाहिली आहेत, तिला नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच, की जिथं योजना चालते तिथं खाट मिळायला आणि जिथं खाट मिळते तिथं योजना चालायला पत्रिका जुळावी लागते. सासूबाईंची जुळली नाही.

त्या नाचाचं हसू पुढं ओसरलं, ते गाणाऱ्यांमुळेच. अमेरिकेत व्हिक्टोरिया विल्यम्स नावाची एक गायिका. तिला मज्जासंस्थेचा आजार झाला, विमा नव्हता. मग इतर गवयांनी तिची गाणी गाऊन 1993 साली एक तबकडी काढली आणि त्या पैशांतून मदत केली. कौतुकाची गोष्ट. पण आपल्या विठाबाई नारायणगावकर? राष्ट्रपतींच्या हातचा मान मिळालेली बाई, उभा महाराष्ट्र जिच्या पायावर आणि गळ्यावर जीव टाकायचा, ती 2002 साली हलाखीत गेली आणि दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागलं. बोर्डावर नोटा उधळणारा देश. एका वरातीत डीजेला जेवढे मोजतात, तेवढ्यात दोन खुबे बसतात, हे मी लग्नाच्या कर्जाचे अर्ज बघून सांगतो.

कर्जाचंच निघालं, तर आता ते टेबल.

1853 साली निजामानं फौजेच्या खर्चाची बाकी फेडता येईना म्हणून अख्खं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर तारण. तेव्हापासून तारण ठेवणं आमच्या रक्तात आहे. सोनेतारणाच्या माझ्या टेबलावर रोज पोत येते, मंगळसूत्र येतं, कानातले येतात. सराफ कस लावतो, वजन करतो, मी अर्ज भरतो. अर्जात एक रकाना आहे: 'कर्जाचा उद्देश'. सातबारा जोडून 'शेती' लिहिलं तर व्याज कमी, 'घरगुती गरज' लिहिलं तर जास्त. समोरचा माणूस सातबारा घेऊनच येतो. मी लिहितो 'शेती'. मग तो खाली बघत सांगतो, "बायकोच्या पोटात खडे निंगाले साहेब, डाक्टर म्हणते उद्याच कराव लागन." कधी पोराचा डेंग्यू असतो, कधी म्हाताऱ्याचं डायलिसिस. आमच्या रजिस्टरात पीक आहे, बियाणं आहे, खत आहे. आजाराला रकानाच नाही. वर्षअखेरीला आकडे वर जातात आणि साहेब म्हणतात, यंदा शेतीकर्जाचं उद्दिष्ट छान पार पडलं.

गाडगेबाबा आमच्या जिल्ह्याचे. कीर्तनात गाऊन जे सांगायचे त्यात भुकेल्याला अन्न होतं तसा रोग्याला औषधोपचारही होता. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर अख्खा अध्याय घातला. मेळघाटात बैरागडला डॉक्टर कोल्हे पती-पत्नींनी रुपया-दोन रुपये फी घेऊन वर्षानुवर्षं माणसं तपासली. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या. आपल्याला टाळ्यांची फार हौस. संत होऊन गेले, डॉक्टर होऊन राहिले, म्हणजे काम झालं असं आपण समजतो, आणि काचेच्या भोकासमोर जाऊन उभे राहतो.

सासूबाई आता काठी घेऊन चालतात. दादांची रजा संपत आली तेव्हा ते अमरावतीला आमच्याकडे दोन दिवस राहायला आले. सोबत एक फाइल होती. मला वाटलं जमिनीची असेल. निघाली दातांची. न्यू जर्सीत दातांचा विमा वेगळा, आणि तो असूनही परवडत नाही म्हणून इथं दोन रूट कॅनाल आणि दोन टोप्या करून घ्यायच्या, असा बेत त्यांनी निघण्यापूर्वीच केला होता. दवाखान्यातून भूल उतरायच्या आत ते माझ्या बँकेत आले आणि टेबलाशेजारच्या स्टुलावर गाल धरून बसले. तोंड बधिर असल्यामुळे बीटल्स निघाले नाहीत.

समोर एक शेतकरी होता, भातकुलीकडचा. पोत सराफापुढं ठेवलेली. मी 'शेती' लिहीत होतो. त्यानं दादांच्या सुजलेल्या गालाकडे जरा वेळ पाहिलं.

"साहेब, हे कोन व्हय?"

"आमचे मेहुणे. अमेरिकेत असतात."

"मंग दात कराले इकडं कायले आले? तिकडं डाक्टर नाही का?"

दादांनी मान हलवून 'आहेत' अशी खूण केली.

"मंग?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्ज पुढे सरकवला आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं.